कागदावर तेवीस

आमच्या गाडीच्या कागदावर तेवीस लिहिलं आहे. एका लिटरला तेवीस किलोमीटर. हा आकडा मी इतक्या लोकांना सांगितला आहे की अर्धी अमरावती मला आता आडनावाऐवजी तेवीसवाले म्हणून ओळखते. पेपर टाकणाऱ्याला सांगितला, कटिंगवाल्याला सांगितला. दाताच्या डॉक्टरने तोंडात हत्यार घातलं होतं तेव्हा बोटांनी दाखवला, आधी दोन, मग तीन. त्याला वाटलं पाच दात दुखून राहिले आहेत. दुखत एकच होता.

खरा आकडा मी फक्त घरात सांगितला, आणि तोही लपवता आला नाही म्हणून.

झालं असं, की नोकरीची दोन वर्षं उरली असताना सरकारला आठवलं, हा माणूस अजून जागचा हललेला नाही. माझी बदली दर्यापूरच्या कचेरीत झाली. अमरावतीहून पन्नास किलोमीटर, म्हणजे काही लंका नाही. पण एसटी मिळाली तर जागा मिळत नाही, जागा मिळाली तर एसटी निघत नाही. जीपने एकदा आलो. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दाराला लटकून. मधे ड्रायव्हर, त्याच्या डावीकडे चारजण आणि एक बकरी. स्टेअरिंग नेमकं कोणाच्या हातात आहे ते मला वलगाव येईपर्यंत कळलं नाही. बकरी तेवढी शांत होती.

मग खोली घेतली. एक खाट, एक कूलर आणि मी. सोमवारी जायचं, शुक्रवारी यायचं. असे आठ महिने काढले. इकडे घरी बायको आणि बाबा. बायको शाळेत गणित शिकवते. बाबा चौऱ्याऐंशीचे, न्हाणीत पडल्यापासून त्यांना उठवायला-बसवायला माणूस लागतं. सकाळी शाळेआधी बाबा, शाळेनंतर बाबा, मधल्या वेळात शेजारीण डोकावून जाते. बायको फोनवर एका शब्दानं तक्रार करायची नाही. पण तिचं ते न बोलणं मला दर्यापूरला, कूलरच्या घरघरीतून, स्पष्ट ऐकू यायचं.

माझा साळा अकोल्याला असतो. त्याने आदल्या वर्षी याच मॉडेलची गाडी घेतली होती. तो म्हणाला, "भाऊजी, मले चोवीस देते. उतारावर तं वाटते पेट्रोल उलटं टाकीत जाऊन राह्यलं." अकोल्यात उतार कुठे आहे हे मी विचारलं नाही. माणसाला एखादी गोष्ट हवी असली की तो असले प्रश्न विचारत नाही.

बायकोने विचारले. मी शोरूममधून आणलेला कागद तिने हातात घेतला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि दहावीचा पेपर तपासावा तसा तो तपासला.

"तेवीस यायनं लिहिले," ती म्हणाली. "मी तेवीस मागत नाई. अठरा देऊ द्या. महिनाभर मोजून पाहू. अठरा दिले तं रोज घरी या. त्याच्याखाली आपल्याले रोजचं झेपत नाई, मंग खोलीच बरी."

"अन् साडेसतरा दिले तं?"

"साडेसतरा म्हंजे अठरा नाई."

खोलीमालकाला मी सांगून आलो. तो भला माणूस. म्हणाला, महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या कोणाला देत नाही, खाट तशीच ठेवतो. अशा रीतीने माझं घर एका आकड्यावर येऊन बसलं. अठरा आले तर मी रोज संध्याकाळी घरी. नाही आले तर खाट वाट पाहतेच आहे.

नवी गाडी अकोल्याच्या शोरूममधून आणली ती एप्रिलच्या तोंडाशी. टाकी फुल केली, आठवडाभर दर्यापूर केलं, आणि रविवारी सासरी गेलो तेव्हा पुन्हा टाकी फुल करायला साळ्याला घेऊन पंपावर उभा राहिलो. फुल ते फुल, हे बायकोचं मोजमाप. समोरच्या पडद्यावर गाडी स्वतःच आपला आकडा दाखवते, पण बायकोच्या मते विद्यार्थ्याने स्वतःच दिलेले मार्क धरायचे नसतात.

नळी बंद झाली. पंपवाला झाकण लावणार तोच साळा म्हणाला, "थांब. हवा अडकली असते आतमंदी. भाऊजी, तिकडून धरा."

आमच्याकडे कापसाची गाडी भरताना वर चढून कापूस पायाने दाबतात. दाबला की तेवढाच आणखी मावतो. आमच्या रक्तातच ते आहे. भरलेल्या कोणत्याही गोष्टीवर आमचा विश्वास बसत नाही. आम्ही दोघांनी ती कोरी गाडी दोन बाजूंनी धरली आणि अशी हलवली की मागच्या रांगेतल्या मोटारसायकलवाल्याला भूकंप वाटून त्याने बायकोला खाली उतरवलं. पंपवाला थोडं थोडं ओतत राहिला. आत आणखी किती गेलं? साळा म्हणतो पाच लिटर, मी म्हणतो तीन, पंपवाला नुसता बिल घेऊन उभा राहिला.

हिशेब आला बारा.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "पहिल्या वेळी हलवली होती?"

"नाई."

"मंग आता कायले हलवली?"

ज्या आठवड्यात पेट्रोल कमी भरल्याचं दिसायला हवं होतं, त्याच आठवड्यात मी घाम गाळून ते जास्त भरलं होतं. तिने तो आठवडा रद्द केला. सांगितलं, नळी आपोआप बंद झाली की हात मागे. पुढच्या आठवड्यात तसं केलं. आले चौदा.

मी गाडी घेऊन अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे एक इंजिनिअर, माझ्या पोराच्या वयाचा. त्याने बॉनेट उघडलं नाही, खुर्ची दिली. म्हणजे यापूर्वीही असे तेवीसवाले येऊन गेले असावेत.

"काका, तो आकडा खोटा नाई," तो म्हणाला. "पन रस्त्यावरचा पन नाई. गाडी एका बंद हॉलमंदी रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जाग्यावरच. ठरलेला वेग, हळूहळू वाढवायचा, हळूहळू कमी करायचा. एसी बंद. वारा नाई, खड्डा नाई, सामान नाई."

"अन् उन्हाळा?"

"हॉलमंदी कायचा उन्हाळा, काका."

मी तो हॉल डोळ्यासमोर आणला. गार, स्वच्छ, आत एकच माणूस, त्याला कुठे पोचायचं नाही. गाडी चालून राहिली आहे आणि कोणाच्याही घरी जात नाही. अशा ठिकाणी माझंसुद्धा अ‍ॅव्हरेज तेवीस येईल. मला तिथे बदली मिळते का, असं विचारावंसं वाटलं.

तो म्हणाला, इंजिन नवं आहे, चार-पाच हजार किलोमीटर झाले की थोडं मोकळं होईल. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, ऐंशीच्या वर पळवू नका, डिक्की रिकामी ठेवा. मग त्यानेच डिक्की उघडली.

आत पाटा होता.

त्याचं असं, की सासूबाईंनी मिक्सर घेतला आणि त्यांचा पाटा बायकोला दिला. काळा दगड, चार बोटं जाड, माझ्या अंदाजाने अडीच क्विंटल, बायकोच्या अंदाजाने चाळीस किलो. अकोल्यात साळ्याने आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांनी तो डिक्कीत चढवला होता. इकडे उतरवायला तीन माणसं जमली नाहीत. आज नाही उद्या करता करता तो पाटा दोन आठवडे रोज माझ्याबरोबर दर्यापूरला येत-जात होता. कचेरीत हजेरी नव्हती म्हणून, नाहीतर त्याचीही एखादी वेतनवाढ निघाली असती. इंजिनिअरने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्या दोन माणसांना माझ्याबरोबर गाडीत बसवलं. तो दगड आमच्या अंगणात उतरला तेव्हा गाडी दोन बोटं वर आली. हे मी शपथेवर सांगतो.

मग मी सुधारलो. हवा भरली. ऐंशीच्या आत राहिलो. दर्यापूरचा रस्ता काळ्या मातीवर बांधलेला. उन्हाळ्यात माती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि वरचं डांबर बिचारं तिच्या मनाप्रमाणे वरखाली होत राहतं. गाडी तिथे चालत नाही, पोहते. ऐंशी सोडा, साठला पोटातलं पाणी हलतं. एक दिवस एसी बंद ठेवून पाहिला. एप्रिलचा तिसरा आठवडा. संध्याकाळी घरी उतरलो तेव्हा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून काढलेल्या कणकेच्या रोडग्यासारखा होतो, वरून काळा आणि आतून वाफाळलेला. बाबांनी एकदा पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "याले फोडून तूप टाका." पुन्हा एसी बंद केला नाही.

आणखी एक खड्डा सापडला तो अकोल्यात. रविवारी सासरहून निघायचं तर आमच्याकडे निरोप तीनदा होतो. एकदा घरात, एकदा अंगणात आणि एकदा गाडीच्या काचेशी. पहिले दोन कोरडे. तिसरा खरा. तापलेली गाडी गार व्हावी म्हणून मी आधीच एसी लावून बसलेला, आणि साळा काचेवर दोन्ही कोपर टेकून उभा.

"बरं मंग, या."

"हो, येतो."

अशा वेळी काच वर करणारा माणूस वऱ्हाडात जन्माला आलेला नाही. मग साळा कोपर सरकवून म्हणतो, "मंग?" त्या मंगमध्ये सगळं पुन्हा सुरू होतं. तूर, तिसऱ्या चुलत भावाची सोयरीक, हिवरखेडच्या मामांचा मोतीबिंदू. सासूबाई आतून लोणच्याची बरणी आणतात. ती कुठे ठेवायची यावर चर्चा होते. इंजिन चालू, एसी बाहेरच्या अकोल्यालाही थोडं थोडं गार करून राहिलेलं. पडद्यावरचा आकडा माझ्यासमोर उतरत होता. बायको घड्याळ पाहत होती.

"बावीस मिनिटं," गाडी हलल्यावर ती म्हणाली. "एक किलोमीटर न चालता."

"तुयाच भावानं धरलं होतं."

"तुमी सोडवून घेतलं नाई."

पुढच्या रविवारी ती गाडीत बसण्याआधीच भावाला म्हणाली, "जे बोलायचं ते आत्ता बोल, गाडी बंद हाये तोवर." साळ्याला इतकं अवघडल्यासारखं झालं की भलतंच बोलून गेला. म्हणाला, "ताई, खरं सांगू का, माहीवाली तेराच देते. कोनाले सांगू नको." चोवीसवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणणार नाही, पण ऊन जास्त होतं.

एवढं सगळं करून तिसऱ्या आठवड्याला पंधरा आले, आणि महिन्याच्या शेवटच्या बुधवारी, दर्यापूरहून परतताना पंपावर, सोळाला एक दशांश वर. अठरा नाही. उद्या खोलीमालकाला सांगायचं होतं.

एक कारण मी इतका वेळ मागे ठेवलं आहे. बोलघेवड्या माणसाचा हा गुण समजा की खोड. पाटा, साळा, खड्डे, ऊन, हे सगळं मी रंगवून सांगितलं, कारण ते सगळं दुसऱ्याचं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेची डीपी आहे. तिच्या मागे एक गाडी मावेल एवढी जागा. पहिल्या आठवड्यापासूनच मी रोज संध्याकाळी तिथे थांबायला लागलो होतो. घर ऐंशी पावलांवर. इंजिन चालू, एसी चालू, मी डोळे मिटून. फोन उलटा ठेवलेला. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. मग पंधरा. मग अर्धा तास, कधी पाऊण. काही करत नव्हतो. गाणी लावत नव्हतो. दिवसभर कचेरीत माणसं टेबलावर वाकून विचारत, साहेब माह्या कामाचं काय झालं. रस्त्यावर पन्नास किलोमीटर डोळे ताणून. घरात शिरलो की बाबांना न्हाणीत न्यायचं, गोळ्या, जेवण, पाठ चोळायची. यातलं काही मला नको होतं असं नाही. त्याच्यासाठीच तर गाडी घेतली होती. फक्त या दोन्हींच्या मधे मला काहीतरी हवं होतं, जिथे कोणी काहून असं विचारणार नाही. आणि त्यासाठी उभ्या गाडीत पेट्रोल जळत होतं, आणि त्याच पेट्रोलवर माझं घरी येणं ठरणार होतं. हे मला कळत नव्हतं असंही नाही. कळून बसत होतो.

त्या बुधवारीही बसलो. सोळाचा आकडा घेऊन घरात कसा शिरू, हे एक आणखी कारण मिळालं होतं. दार उघडलं आणि बायको शेजारी येऊन बसली. हाताला कणीक लागलेली.

मी म्हणालो, "फोन आला होता, म्हनून थांबलो."

"फोन उलटा हाये."

मी फोन सरळ केला. त्याने काही फरक पडला नाही.

"सोळाला एक वर," मी सांगितलं.

"मले वाटलंच होतं." मग म्हणाली, "तुमी रोज इथं बसता हे मले पहिल्या आठवड्यापासून माईत हाये. बाबाईले मी वरच्या गॅलरीत बसवून देतो ना, त्याईले डीपीमागचा लाल दिवा दिसते. तुमचा दिवा दिसला का मी कुकर लावतो म्हनत होती, तं बाबा म्हने, थांब."

"काहून?"

"म्हने, बैल औतावरून आला का त्याले लगेच पानी दाखवत नसतात. उभा राहू द्यायचा. त्याचा दम खाली बसला का मंग पानी." ती कणकेचं बोट ओढणीला पुसत होती. "म्हनून चहा बी तुमी फाटक वाजवल्यावरच टाकत होती मी."

मी समोर पाहिलं. महिनाभर मला वाटत होतं मी लपून बसलो आहे, आणि वर गॅलरीत एक म्हातारा माझा दम मोजत होता.

"मंग तू बोलली काहून नाई? पेट्रोल जळून राह्यलं होतं."

"बोलली असती तं तुमी दुसरीकडे जाऊन बसले असते. वलगावच्या अलीकडे कुठीतरी. मंग दिसले नसते." मग तिने मास्तरणीचा आवाज काढला. "अर्ध्या-पाऊन तासाचं उभ्या गाडीचं पेट्रोल मी रोज वेगळं काढून पाह्यलं. अंदाजानं. ते सोडलं तं गाडी साडेसतरा देते."

"साडेसतरा म्हंजे अठरा नाई."

"नाई," ती म्हणाली. गणितात ती बापाचंही ऐकत नाही. "पन खोलीवर तुमी कसे बसत होते ते मले आठ महिने दिसलंच नाई. हे दिसते."

तिने हात लांब करून गाडी बंद केली. एसीचा आवाज थांबला आणि एकदम सगळी गल्ली आत आली. कोणाची तरी फोडणी, लांबून एक स्कूटर, वरून बाबांचं खोकणं. काचा खाली केल्या. ऊन गेलं होतं, पण रस्ता अजून भाजत होता. आम्ही दोघं घामाघूम होऊन तशीच बसून राहिलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चला, कनिक वाळून राह्यली," आणि उतरली. मी लगेच उतरलो नाही. तिने मागे वळून पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी खोलीमालकाला सांगितलं, खोली दुसऱ्याला द्या. त्याने विचारलं, "कितीक देते गाडी?" मी म्हणालो, "तेवीस." तो म्हणाला, "कायचे तेवीस," आणि खाट बाहेर काढायला लागला.

गाडी आता डीपीमागे उभी राहत नाही. सरळ फाटकातून आत येते आणि बंद होते. अंगणात पाट्याशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची आहे, ती बाबांनी ठेवायला लावली. मी येतो, तिच्यावर बसतो, पाय पाट्यावर ठेवतो. तो दगड दिवसभर तापलेला असतो, तरी ठेवतो. मी पहिला शब्द बोलेपर्यंत घरातलं कोणी बोलत नाही. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. थकवा काही कमी झालेला नाही. अजून चौदा-पंधरा महिने आहेत आणि रस्ता पावसाळ्यात फुगणारच आहे.

परवा बसलो होतो तेव्हा वरून बाबांचा आवाज आला. माझ्याआधी ते बोलले, नियम मोडून.

"किती देऊन राह्यली रे ते आता?"

"साडेसतरा, बाबा."

त्यांनी गॅलरीतून खाली गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बसू दे तिले थोडं. उद्या पुन्हा जाचं हाये."